कादंबरीवरचा मुलांचा फँटसी सिनेमा: गुण कशावर द्यायचे?

निळी_शाई: मुलांच्या वाचनगटासाठी परीक्षणाचा तक्ता करतेय. वय 9 ते 12, दोघं-तिघं सोडून सगळ्यांची कादंबरी वाचून झालीय. सिनेमा एकदाच दाखवणार, नंतर चर्चेला 40 मिनिटं. पाचच निकष हवेत, एका पानात मावतील असे. ‘पुस्तकाशी इमान’ हा निकष ठेवू का?

पानखूण: ठेवाच, 100 पैकी 50 गुण. आधी प्रकरणवार यादी करा आणि सिनेमा दोनदा दाखवा. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमात (2004) जादूचा नकाशा कोणी बनवला हे सांगतच नाहीत. पुस्तकात तो बनवणाऱ्या चौघांची टोपणनावं उलगडतात, हॅरीचे वडील हरणाचं रूप घ्यायचे हे कळतं आणि तळ्याकाठी हॅरीच्या मंत्रातून उमटणारं तेजस्वी हरीण काळजाला भिडतं. सिनेमात हरीणच का, हे न वाचलेल्याला कळायला वाव नाही.

तिसरी_रांग: 50 फार झाले. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. दोन तासांना 120 पानं. त्यात जाडजूड कादंबरी मावणार कुठे? काय गाळलं ते मोजू नका, गाळल्यामुळे काय लंगडं पडलं ते बघा. मुलांना दहा प्रसंग ओळीने लिहायला सांगा आणि दोन प्रसंगांमध्ये ‘म्हणून’ बसतं की नुसतं ‘मग’, ते तपासा. सलग तीनदा ‘मग’ आलं की तिथे कात्री कारणावर चाललीय. पुस्तकातलं शाळेतलं खोडकर भूत पीव्ह्ज हॅरीच्या एकाही सिनेमात नाही, तरी गोष्ट अडत नाही. नकाशाबाबत पानखूण यांचं बरोबर आहे.

पानखूण: मावत नसेल तर दोन भाग करावेत. शेवटच्या पुस्तकाचे केलेच की, 2010 आणि 2011 मध्ये.

तिसरी_रांग: आणि ‘द हॉबिट’ या एका पुस्तकाचे 2012 ते 2014 मध्ये तीन. जागा वाढली की लढाया लांबतात, माणसं नाही.

रंगपेटी: इफेक्ट्सना वेगळे गुण हवेत. एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावा. प्राण्याचा पाय जमिनीला टेकतो तिथे सावली चिकटलेली आहे का? माती दबते का? मूल त्याच्याकडे बघतं तेव्हा नजर डोळ्यांवर जाते की कपाळाच्या वर? भव्य दिसूनही खोटं वाटतं ते बहुतेक या नजरेमुळे.

दुभाषी: डब केलेला दाखवणार की सबटायटलवाला? नऊ वर्षांचं मूल खालच्या दोन ओळी वाचेपर्यंत चेहऱ्यावरचा भाव निघून जातो. मग अभिनयाला गुण कशाचे देणार? डबिंग असेल तर मंत्र आणि नावं शेवटपर्यंत एकच ठेवलीत का ते ऐका.

वाटाड्या: जादूचे नियम तपासा. तिला काय जमतं, काय जमत नाही, किंमत काय मोजावी लागते? तिन्ही उत्तरं शेवटच्या लढाईआधी पडद्यावर दिसायला हवीत. ऐनवेळी नवीन शक्ती निघाली तर गुण कापा. वाचलेली मुलं ही फट नकळत डोक्यातल्या पुस्तकाने बुजवतात, त्यामुळे आधी न वाचलेल्यांना विचारा.

तिसरी_रांग: आणि बदल दिसला की तो रूपाचा आहे की अर्थाचा, ते ठरवा. 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ओझ’मध्ये चंदेरी बूट माणकांचे लाल केले, टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रात उठून दिसावेत म्हणून. त्याने काही बिघडलं नाही. पण पुस्तकात खरा असलेला ओझ हा देश सिनेमाने स्वप्न ठरवला. हा अर्थाचा बदल.

पानखूण: मी तेच म्हणतोय! मूळ पुस्तकाला 50.

निळी_शाई: सगळ्यांचे आभार. गुणच काढून टाकले. सिनेमा एकदाच, डब केलेला. पहिली 10 मिनिटं पुस्तक न वाचलेली मुलं गोष्ट सांगतील, बाकीची गप्प बसून त्यातले ‘मग’ टिपतील. उरलेला अर्धा तास फक्त त्या जागांवर बोलायचं. इफेक्ट्स या वेळी नाहीत.

पानखूण: गुणांशिवाय परीक्षण मला पटत नाही. निदान शेवटी पुस्तक उघडून त्या जागा वाचून दाखवा.