साधे सेल की चार्जवाले? बजेट कमी आहे

घरात सगळीकडे सेल लागतात, घड्याळ, दोन रिमोट, वायरलेस माउस, आणि पोराची गाडी तर दर आठवड्याला चार डबल ए खाते. चार्जर आणि सेल एकदम घ्यायचे तर खर्च अंगावर येतो. खरंच परवडतं का?

—
सगळं बदलू नका. घड्याळ न् रिमोटला साधेच ठेवा, वर्षभर बघावं लागत नाही, तिथे चार्जवाल्याचे पैसे कधी वसूल व्हायचे? गाडीसाठी मात्र चार घ्याच. आठवड्याला चार म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर सेल कचऱ्यात, हिशोब तुम्हीच करा.

—
चार्जवाल्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्यावर १.५, म्हणून मी आधी घाबरलो होतो, पण साध्याचा व्होल्टेज वापरताना उतरत जातो, याचा बराच वेळ १.२ च्या आसपास टिकतो, त्यामुळे बहुतेक वस्तू चालतात. घेताना 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेलेच निकेल मेटल हायड्राइड घ्या, नाहीतर नुसते ड्रॉवरमध्ये पडूनच उतरतात.

—
चार्जरमध्ये कंजूसी नको, प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला बघा. माझा जोडीनेच चार्ज करायचा, एक सेल अर्धा भरलेला असला तरी दोघांना सारखंच, वर्षात दोन सेल गेले. आणि जुना-नवा एकत्र घालू नका.

—
धन्यवाद! चार सेल न् चार्जर घेतो, घड्याळाला हात लावत नाही. रिमोटमधला एक सेल आत्ता काढून बघितला तर स्प्रिंगवर पांढरी पावडर 😅

—
लीक झालाय तो. व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, नीट वाळू द्या, मगच नवीन घाला.