शब्दचर्चा : 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मार्कर' मराठीत कसं लिहावं?

विचारणा
स्थूलता आणि मेटाबॉलिक सिंड्रोमवरच्या माहितीपुस्तिकेत 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मार्कर'साठी 'ऑक्सीकारक तणाव चिन्हक' असा शब्द आला आहे. वाचणाऱ्याला यातून काही कळेल का? दुसरा पर्याय सुचवा.

कोशवाचक
आधी 'तणाव' काढा. मराठीत तणाव दोन गावांत असतो, दोन देशांत असतो. दोरीवर, स्नायूवर, मनावर येतो तो ताण. इथे ताणच हवा.

'ऑक्सीकारक'पेक्षा शाळेपासून ओळखीचं 'ऑक्सिडीकरण' बरं. पण करण आणि भवन यांतला फरक पाळा. आपण करतो ते शुद्धीकरण, आपोआप होतं ते बाष्पीभवन. रक्तातल्या एलडीएलचं, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं, ऑक्सिडीभवन होतं. ते घडवून आणणारा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) हा ऑक्सिडीकारक. म्हणून 'ऑक्सिडीभवनाचा ताण' म्हणा. नुसतं 'ताण' लिहिलंत तर वाचक मनाचा ताण समजेल आणि पुस्तिकेत ध्यानधारणेचं पान शोधेल.

'मार्कर'ला 'दर्शक' नको, तो शब्द लिटमस आणि फिनॉल्फ्थॅलीनला दिलेला आहे. 'निदर्शक' चालेल.

जीवरसायन
'ताण' याचा नेमका अर्थही पुस्तिकेत यायला हवा. हेल्मुट झीस यांनी 1985 मध्ये ही संकल्पना मांडली ती तोल ढळण्याची : ऑक्सिडीकारकांचं पारडं जड आणि प्रतिऑक्सिडीकारकांचं (अँटिऑक्सिडंटांचं) हलकं. ऑक्सिडीभवन शरीरात सतत चालतंच, ते होणं म्हणजे ताण नव्हे.

आता निदर्शकांकडे. सगळ्यात जास्त मोजला जातो एमडीए, म्हणजे मॅलॉनडायआल्डिहाइड. जुने शेंगदाणे चावले की नाकात जातो तो खवट वास बराचसा आल्डिहाइडांचाच. बहुअसंपृक्त मेदाम्लांचं परॉक्सिडीभवन होऊन ती तुटली की आल्डिहाइडं तयार होतात; पेशीच्या पटलातही हेच घडतं, एमडीए त्यांपैकीच एक. ज्या थायोबार्बिट्युरिक आम्लाने (टीबीए) रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरलेलं रक्त, तपासतात, त्यानेच मांस-दुधातला खवटपणाही तपासला जातो. आम्लधर्मी मिश्रण साधारण 95 अंश सेल्सिअसला तापवायचं, गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरला मोजायचा.

शब्दाचा घोळ इथेच आहे. हा गुलाबी रंग एकट्या एमडीएचा नसतो. इतर आल्डिहाइडं, काही शर्करा, पित्तरंजकं यांचाही हातभार लागतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिनही त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं आणि आकडा फुगतो. म्हणून या चाचणीच्या निकालाला 'टीबीएशी अभिक्रिया देणारे पदार्थ' म्हणतात, त्याचंच लघुरूप टीबार्स. पुस्तिकेत टीबार्सचा आकडा 'एमडीए' म्हणून छापू नका. एमडीए वेगळा काढून मोजला असेल, उदाहरणार्थ एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, तरच तसं लिहा.

नमुन्याबद्दलही एक ओळ हवीच. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत रक्त घेऊन लगेच बर्फावर ठेवायचं, रक्तद्रव वेगळा केला की त्यात बीएचटी हा प्रतिऑक्सिडीकारक घालायचा आणि उणे 80 अंशांला साठवायचं. नाहीतर ऑक्सिडीभवन नळीतच चालू राहतं, आणि आपण रुग्णाऐवजी नळी मोजतो. मेदाच्या इजेचा आणखी एक निदर्शक असलेल्या एफ-2 आयसोप्रोस्टेनना हा धोका फार मोठा, कारण ती साठवणीत नव्याने तयार होतात. लघवीतली मोजली तर ही अडचण बरीच कमी होते. तिथे आकडा क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणात द्यायचा.

विचारणा
मग सरळ 'मेद खवटणं' लिहू का? लोकांना पटकन कळेल.

जीवरसायन
समजावताना जरूर लिहा, संज्ञा म्हणून नको. 8-ओएचडीजी हा डीएनएच्या इजेचा निदर्शक आहे आणि कार्बोनिल गट प्रथिनांवरचे. तिथे मेदाचा संबंध नाही. शिवाय स्थूल माणसाने 'माझी चरबी खवट झाली' असं वाचणं बरं नव्हे.

एसओडी, कॅटलेज यांना इजेचे निदर्शक म्हणू नका, ती बचावाची विकरं (एन्झाइम) आहेत. स्थूलतेत सुरुवातीला ती भरपाई म्हणून वाढू शकतात, पुढे घटतात. 'वाढलं म्हणजे चांगलं' असं वाक्य त्यामुळे चुकीचं ठरतं.

कोशवाचक
'मेटाबॉलिक सिंड्रोम'ला 'चयापचयी लक्षणसमूह' ठीक आहे का? रुग्णाला तर काहीच जाणवत नसतं.

भाषांतर
ठीक आहे. 'लक्षणं काही बरी दिसत नाहीत' असं म्हणतो तेव्हा ती बघणाऱ्याला दिसलेली असतात. मात्र खाली निकष द्या, 2009 च्या संयुक्त व्याख्येप्रमाणे पाचांपैकी तीन : कंबर दक्षिण आशियाई पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) पुरुषांत 40 आणि स्त्रियांत 50 पेक्षा कमी, रक्तदाब वरचा 130 किंवा खालचा 85 पासून वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. रक्तातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्या त्या विकारावर औषध चालू असेल तर तो निकष पूर्ण झाला असं धरतात. यात ऑक्सिडीभवनाचा एकही निदर्शक नाही, हे ठळक छापा.

विचारणा
वाक्य असं केलं : 'स्थूलतेत ऑक्सिडीभवनाच्या ताणाचे निदर्शक वाढल्यामुळे इन्सुलिनला दाद मिळत नाही.'

जीवरसायन
'वाढल्यामुळे' काढा. निदर्शक काही घडवत नाही, घडलेलं दाखवतो. 'स्थूलतेत ऑक्सिडीभवनाच्या ताणाचे निदर्शक अनेकदा वाढलेले आढळतात. या ताणाने इन्सुलिनच्या कामात अडथळा येऊ शकतो.'