मदत हवी आहे: बागेच्या कचऱ्याचे पैसे कसे आकारायचे?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या कॉलनीत बागेचा कचरा उचलण्यासाठी वेगळं शुल्क घ्यायचं ठरतंय. घनकचरा नियमांप्रमाणे तो आवारातच वेगळा साठवायचा असतो, जाळायला तर मनाईच आहे.

अडचण मोजणीची आहे. वजनावर घेतलं तर ओल्या गवतातल्या पाण्याचेच पैसे पडतात. पोत्यावर घेतलं तर न तोडलेल्या फांद्या नुसती जागा अडवतात. घरटी सारखी रक्कम लावली तर चार कुंड्यांवाला बंगलेवाल्याचा खर्च भरतो, हे मला मुळीच पटत नाही.

सुका पाला तरी इथेच जिरवावा. १ मीटर लांब, रुंद, उंच जाळी. ३ घमेली पाल्याला १ घमेलं हिरवं गवत, वर शेणकाला. मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब यावा इतकी ओल. नुसतं गवत दाबून भरलं की हवा कोंडते, आंबूस वास सुटतो. उरतात बोगनवेलीच्या काटेरी फांद्या आणि अशोकाची चिवट पानं. न चुरता ती लवकर कुजत नाहीत.

कुणाकडे आकारणी चालू असेल तर दर पोत्यामागे आहे की फेरीमागे? आणि काटेरी फांद्यांना कोणतं कटाई यंत्र टिकतं?