बसून चालवायचा लॉन मोअर: किल्लीवर नुसतं 'टिक', आणि सुरू करायचा बरोबर क्रम

हिरवळ_२: पेट्रोल इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक गिअर (ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लचशिवायचा) असलेला बसून चालवायचा लॉन मोअर आहे. काही महिने नुसता उभा होता. किल्ली फिरवली की कधी 'टिक' आवाज येतो, कधी काहीच नाही. एकदा सुरू झाला, पण ब्रेकवरचा पाय काढताच बंद पडला. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे (बॅटरीचा मोठा करंट स्टार्टर मोटरला जोडणारा स्विच) दोन बोल्ट जोडले की सुरू होईल, असं सुचवलं जातंय. करावं का? आणि सुरू करायचा क्रम काय?

पाती_आणि_पट्टा: स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावू नका. किल्लीपासून सोलेनॉइडकडे जाणारी वायर ब्रेकचा स्विच, पात्यांचा स्विच आणि काही मॉडेलमध्ये न्यूट्रलचा स्विच यांच्यातून फिरून येते. बोल्ट थेट जोडले की हे सगळे स्विच वगळले जातात. गिअर टाकलेला असेल किंवा पाती जोडलेली असतील तर मशीन तसंच सुरू होतं, आणि जोडणारा माणूस त्या वेळी सीटवर नसतो, चाकाशेजारी वाकलेला असतो. अशाने माणसं मशीनखाली गेली आहेत. शिवाय बॅटरीजवळ ठिणगी उडते, तिथे हायड्रोजन असू शकतो.

आता क्रम. मशीन उघड्यावर, सपाट जागी घ्या. शेडचं दार उघडं असलं तरी आत सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ढकलताना ट्रान्समिशन मोकळं करायचा मागचा दांडा ओढला असेल तर तो परत जागेवर ढकला, नाहीतर इंजिन चालेल पण चाकं फिरणार नाहीत. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड असताना, काठोकाठ नको. ऑइलची कांडी पुसून परत घाला आणि पातळी बघा. सायलेन्सरभोवती आणि इंजिनच्या पंख्याच्या जाळीवर सुकं गवत किंवा उंदरांचं घरटं असेल तर काढा, आग तिथूनच लागते.

मग सीटवर बसा. ब्रेक पूर्ण दाबून पार्किंग ब्रेक लावा, पात्यांचा स्विच बंद, पुढे-मागे जायच्या पेडलवर पाय नको. इंजिन थंड असेल तर चोक पूर्ण. किल्ली एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा, स्टार्टरची वाइंडिंग जळते ती इथे. सुरू झालं की चोक हळूहळू सोडा. पाती जोडायची ती इंजिन एकसारखं चालायला लागल्यावर, आणि आसपास माणूस किंवा जनावर नाही हे बघूनच.

वायरमन: 'टिक' येतं म्हणजे सोलेनॉइडपर्यंत करंट पोचतोय, म्हणजे त्या वेळी स्विच ठीक आहेत. संशय बॅटरीवर आणि जोडण्यांवर. मल्टीमीटर लावा: उभ्या बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत, १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. किल्ली फिरवताना ९.६च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपली. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा, आणि निगेटिव्ह वायर चेसिसला जिथे बोल्ट केली आहे तिथला रंग-गंज खरवडा. ही जागा बहुतेक जण विसरतात.

'काहीच नाही' तेव्हा फ्यूज, मग ब्रेकचा स्विच. पेडल अर्धवट दाबलं तर तो लागतच नाही. पाय काढताच बंद पडणं हे सीटच्या स्विचचं लक्षण: ब्रेक सुटला की मशीन 'सीटवर माणूस आहे का' हे तपासतं. सीट उचलून कनेक्टर आणि स्प्रिंग बघा. एक लक्षात ठेवा: काही कनेक्टर काढले की आपोआप आतून जोडले जातात, काही उघडे राहतात, म्हणून कनेक्टर काढून केलेली चाचणी फसवू शकते. स्विचचीच कंटिन्युइटी (त्यातून करंट सलग जातो का) मोजा.

जंप (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घेऊन सुरू करणं) द्यायचाच तर १२ व्होल्टच्या गाडीवरूनच, गाडीचं इंजिन बंद ठेवून. शेवटची निगेटिव्ह क्लिप मोअरच्या चेसिसवर, बॅटरीपासून लांब.

टॅपेट: काही महिने उभं होतं हे वाचून एक गोष्ट आधी करा: ऑइलची कांडी हुंगा. पेट्रोलचा वास येतोय किंवा पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलीय, तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलंय. अशा वेळी किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये द्रव भरलेलं असेल तर पिस्टन त्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, ऑइल बदला, सुई दुरुस्त करा. नंतर उभं ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. जुनं पेट्रोलही काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं महिन्याभरात बिघडायला लागतं.

हिरवळ_२: कांडीला वास नाही. बॅटरी १२.६, चेसिसची जोडणी घासली, सीटच्या स्विचचा गंजलेला कनेक्टर बदलला, पाय काढल्यावर आता बंद पडत नाही. पण अजून बऱ्याचदा इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं, मग जोर करून पुढे जातं.

टॅपेट: मग स्टार्टर किंवा बॅटरी बदलायच्या आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) तपासा. सुरू होताना कॅमशाफ्टवरचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) छोटा उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उघडून दाब कमी करतो. क्लिअरन्स वाढला की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशन ढकलावं लागतं. अर्ध्या फेऱ्यावर अडकतं ते त्यामुळेच. आधी किल्ली आणि प्लगची वायर काढा. बऱ्याच इंजिनांत कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन सर्वांत वरच्या जागेच्या सुमारे ६ मि.मी. पुढे नेऊन मोजतात, नाहीतर तोच उंचवटा माप चुकवतो. माप साधारण ०.१० ते ०.१५ मि.मी., पण इनटेक आणि एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा.