घरातल्याच माणसाविरुद्ध तक्रार, आणि मूल "नको" म्हणतंय

सत्तरीची टीचर:
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिकवते. गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) म्हणाली, "टीचर, मूळ घरी नाही गेले तर चालेल?" माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना काका स्टुलावर चढतो आणि खालून सुपाऱ्या, कांगलां अशी रानफळं द्यायला तिलाच हाक मारतो. पुढचं जे तिनं सांगितलं ते इथं लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "मम्मीक सांगूं नाका हां."
पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं मला बंधनकारक होतं. मी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. आज तिची आई मला बघून रस्ता बदलते आणि मुलगी माझ्याशी बोलत नाही. तरी मी बरोबर केलं असंच मला वाटतं. तुम्हाला?

डिचोलीकर:
मला नाही पटलं. आधी आईला विश्वासात घ्यायला हवं होतं. आमच्याकडे एका छपराखाली चार बिऱ्हाडं असतात. पोलिसांची गाडी दारात आली की संध्याकाळपर्यंत वाड्यावर चर्चा, आणि बोट मुलीकडेच. घरच्या थोरांनी त्या माणसाला घराबाहेर काढलं असतं तर पोर तरी सुटली असती.

वकील, फोंडा:
दादा, थोरांनी बाहेर काढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. "तू चुकीचं समजलीस" असं पोरीच्या गळी उतरवलेलं मात्र खूपदा पाहिलंय. आईला आधी सांगितलं की रात्रीपर्यंत काकाला कळतं. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 13 राज्यं होती, त्यांत गोवाही होता. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. घरानंच न्याय करायचा तर तो करणार कोण?
आणि गाडीचं म्हणाल, तर जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. गोव्यात 2003 च्या बाल कायद्याखालचं बाल न्यायालयही आहे.

नाव नको:
मी चौदा वर्षांची असताना सांगितलं होतं. वकीलबाई, कागदावर सगळं बरोबर आहे. पण तेच मला डॉक्टरांना, पोलिसांना, बाल कल्याण समितीला, प्रत्येक ठिकाणी नव्यानं सांगावं लागलं. मग "सुरक्षिततेसाठी" मला वसतिगृहात ठेवलं. त्या चवथीला नेवऱ्या (करंज्या) मुरडायला मी घरी नव्हते. तो होता.
तक्रार झाली याचा मला राग नाही. राग आहे तो मला कुणी काही विचारलं नाही याचा. टीचर, फोन करण्याआधी तिला सांगितलं होतंत, की आता मला हे कळवावंच लागेल, उद्या कोण येईल, काय विचारतील?

सत्तरीची टीचर:
नाही सांगितलं. ती पळून जाईल या भीतीनं तिला गोड बोलून घरी पाठवलं आणि मग फोन केला. हे माझं चुकलं.

डिचोलीकर:
बघा, मी हेच म्हणतोय. कायदा आला आणि माणूस मधनं गेला.

वकील, फोंडा:
नाही, तुम्ही वेगळं म्हणत होता. तुम्ही दार लावून घ्यायला सांगत होता, या ताई म्हणतायत की दार उघडल्यावर कुणीतरी सोबत चाला. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत त्यासाठीच सहायक व्यक्ती आहे. बाल कल्याण समिती ती नेमते. तपासापासून खटला संपेपर्यंत तिनं मुलासोबत राहायचं असतं. खटला चालू असतानाच अंतरिम भरपाईही मागता येते. टीचर, तिला कुणी नेमून दिलंय का?

सत्तरीची टीचर:
मी कधी विचारलंच नाही.

नाव नको:
मग विचारा. आणि तिच्याशी बोलायला जाल तेव्हा केसबद्दल बोलू नका. माझ्याशी तेव्हा प्रत्येक जण केसबद्दलच बोलायचा.

डिचोलीकर:
माझं मत बदललेलं नाही, आईला तोडून मूल सावरत नाही. पण एक विचारतो. यंदाची चवथ आली. पोर कुठं जाणार?

सत्तरीची टीचर:
मूळ घरीच, असं शेजारणीकडून कळलं. तो जामिनावर आहे आणि तिथंच राहतो. उद्या सकाळी बाल कल्याण समितीला लेखी देते.

वकील, फोंडा:
एक प्रत सरकारी वकिलांनाही द्या. जामिनाच्या अटी त्यांच्याकडे असतात. सुट्टी लागण्याआधी द्या.