विषय: क्वेबेक सिटी, एकटीने, थँक्सगिव्हिंगला

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला एकटीच क्वेबेक सिटीला जाऊन यायचं म्हणतेय. ट्रेनने जाईन, गाडी नेणार नाही. फ्रेंच अजिबात येत नाही आणि मी पक्की शाकाहारी. राहावं कुठे, काय बघावं, काय सोडावं? संध्याकाळी एकटीने फिरायला कसं आहे?

— मिसिसागाहून

* * *

नमस्कार ताई,

जरूर जा. ते शहर पायी फिरायचं आहे आणि एकट्याने तर फारच छान फिरून होतं. जुन्या गावात संध्याकाळीही वर्दळ असते, त्यामुळे काळजी नको. फक्त ऑक्टोबरात सूर्य मावळला की गारठा पडतो आणि चढ-उतार भरपूर आहेत, तेव्हा जाड कोट आणि चांगले बूट हवेतच.

ट्रेन मॉन्ट्रिऑलला बदलायची, पुढे साधारण सव्वातीन तास. आधी सेंत-फ्वा स्टेशन लागतं, तिथे उतरू नका. शेवटचं गार दु पाले आपलं. खोली तटबंदीच्या आत घ्या. पैसे जास्त पडतील, पण सकाळी लवकर बाहेर पडता येतं आणि दहानंतरची गर्दी टळते. शातो फ्राँतनाकमध्येच राहायला हवं असं काही नाही. रेल्वे कंपनीने १८९३ मध्ये उघडलेलं हे हॉटेल बाहेरूनच बघण्यासारखं आहे, आणि सगळ्यात सुंदर दिसतं ते नदीपलीकडच्या लेव्ही गावाला जाणाऱ्या फेरीबोटीतून. दहा-बारा मिनिटांत पलीकडे जायचं आणि लगेच परतायचं. १६०८ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी शाँप्लेनने वसाहतीसाठी हीच जागा का धरली, ते नदीतून एका नजरेत कळतं. खाली अरुंद होत गेलेलं पात्र, वर सरळ कडा.

पण एक सकाळ तटबंदीला द्याच, ही माझी कळकळीची विनंती. मेक्सिकोच्या उत्तरेला तट शाबूत राहिलेलं हे एकच शहर. साडेचार किलोमीटरहून थोडा जास्तच घेर आहे आणि वरून चालता येतं. सें-लुई दरवाजापासून सें-झाँ दरवाजापर्यंत जा. एका हाताला गावातली उतरती छपरं, दुसऱ्या हाताला हिरवळ, आणि मध्ये जुन्या तोफा. १८७० च्या दशकात हे सगळं पाडून रस्ते रुंद करायचं घाटत होतं. तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन आडवे आले म्हणून तट वाचला. हेच डफरिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. शातोसमोरची लाकडी फळ्यांची गच्ची त्यांच्याच नावाची.

तिथून प्लेन्स ऑफ अब्राहम चालत गाठता येतं. १३ सप्टेंबर १७५९ ला इंग्रज सेनापती वुल्फचं सैन्य रात्रीतून कडा चढून या माळावर आलं. सिंहगड वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांच्या अंगावर काटाच येतो. लढाई अर्धा तासही चालली नाही. वुल्फ रणातच पडला, फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी गेला. इंग्रज-फ्रेंचांच्या याच सप्तवार्षिक युद्धाचा एक फाटा आपल्याकडे होता. पानिपत झालं त्याच आठवड्यात इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, आणि पानिपतावर आपल्या तोफा सांभाळणारा इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. १७६३ च्या पॅरिस तहात फ्रेंचांना पाँडिचेरी परत मिळाली, कॅनडा मात्र कायमचा गेला. तरी आज त्या गावात पोरं फ्रेंचमध्येच भांडतात आणि म्हाताऱ्या फ्रेंचमध्येच भाव विचारतात. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने त्यांना धर्म आणि दिवाणी कायदा राखता आला. भाषा लोकांनी घराघरांत, चर्चमध्ये, शाळांत टिकवली. रविवारच्या मराठी शाळेसाठी आपण धावपळ करतो, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं.

दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, मग खुशाल इंग्रजीत बोला. सगळे नीट बोलतात.

माँमोरांसीचा धबधबा ८३ मीटरचा, नायगाराहून उंच. पण तुम्ही नायगाराशेजारीच राहता, या खेपेला सोडा.

— मॉन्ट्रिऑलहून

* * *

ताई, खाण्याचं मी सांगते. पूतीन म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे फ्राइज, पण ती ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रश्शाची असते आणि वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं, नुसतं 'पी सूप' वाचून मागवू नका. 'सां व्यांद' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. चीज-मशरूमचे क्रेप (पातळ धिरडी) पोटभरीचे होतात. मेपलचा गरम पाक बर्फावर ओतून काडीवर गुंडाळून देतात, तो खाच.

आणि उर्सुलाइन पंथाच्या नन्सचा मठ चुकवू नका. मारी द लँकार्नासियाँ ही नन १६३९ मध्ये फ्रान्सहून जहाजाने आली. चाळिशीच्या उंबरठ्यावर इथल्या मूलनिवासींच्या भाषा शिकली, त्यांचे शब्दकोश लिहिले आणि मुलींची शाळा काढली. माँकाल्मलाही आधी याच मठाच्या चॅपलमध्ये पुरलं होतं. २००१ मध्ये त्याचे अवशेष दुसरीकडे हलवले. वेळा मात्र आधी बघून घ्या.

— ओटावाहून

* * *

दोघांचेही मनापासून आभार. सें-झाँ दरवाजाजवळ खोली मिळाली. शनिवारी पहाटे आधी तट, मग माळ. दुपारी मठ आणि संध्याकाळी फेरी. जाताना मॉन्ट्रिऑल स्टेशनवर दोन तास हाताशी आहेत. तिकडच्या मंडळींना आपल्या लायब्ररीतली पुस्तकं हवी असतील तर बुधवारपर्यंत यादी पाठवा, घेऊन येते.

— मिसिसागाहून