मदत हवी आहे : मिनीपिगच्या त्वचेतली सूज औषधामुळे की नुसत्या बेसमुळे (औषध नसलेल्या जेलमुळे)?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका लॅबमध्ये व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्ट आहे. त्वचेवर लावायच्या अँटिबॉडी जेलची मिनीपिगवर (छोट्या जातीच्या डुकरांवर) 28 दिवसांची चाचणी झाली, आता स्लाइड्स बघतेय. एपिडर्मिस (त्वचेचा बाहेरचा थर) जाड झालीय, वरच्या डर्मिसमध्ये (त्याखालच्या थरात) रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गोळा झालेत. पण नुसता बेस लावलेल्या गटातही थोडं हेच दिसतंय! केस भादरून, पट्टी ओढूनही असं होतं, मान्य. पण अँटिबॉडी सुमारे 150 किलोडाल्टनची, म्हणजे दीड लाख डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). अखंड त्वचेतून 500 डाल्टनच्या वरचं सहसा आत जात नाही. मग दोन गटांतला फरक कशाचा? परकं प्रथिन म्हणून प्राण्याची प्रतिकारशक्ती चवताळली असेल का? मानवी आयजीजीचं (अँटिबॉडीचा एक प्रकार) इम्युनोस्टेनिंग, म्हणजे ते ऊतीत कुठे आहे हे रंगाने दाखवणं, डुकराच्या त्वचेवर कोणी केलंय का? बॅकग्राउंड (नको तिथेही रंग) फार येतं का? उद्या हे रुग्णांच्या अंगावर लागणार, रिपोर्टमध्ये अंदाजपंचे काही लिहायचं नाहीये मला.